दुपारचं नेट

दुपारची जेवणं झाली, भांडी मोरीत गेली, आईला पलंगावर नीट आडवं करून मेघानं आपल्या खोलीचं दार लावलं, कानाला हेडफोन चढवला, आणि त्यानंतर थोड्याच वेळात नेट गेलं. हे आता इतकं रोजचं झालं होतं की एखाद्या दिवशी गेलं नसतं तर तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं असतं. पलीकडून साताऱ्याचे कुणी गृहस्थ बायकोच्या ऑपरेशनच्या विम्याच्या क्लेमविषयी पोटतिडकीनं बोलत होते. "मॅडम, तुम्ही ऐकताय ना?" एवढं त्यांचं वाक्य आलं आणि पुढं सगळी सामसूम. मॅडम ऐकायलाच बसल्या होत्या, पण ऐकू येत नव्हतं.

मेघानं हेडफोन टेबलावर टाकला आणि उठली. उठताना गुडघ्यातून कळ गेली. चौतिशीत गुडघे दुखायला नकोत. पण रात्रीतून दोनदा आईला उठवून बाथरूमला न्यायचं, पहाटे नळाला पाणी येतं ते भरायचं, आणि मग दिवसभर खुर्चीत बसून लोकांच्या आजारपणाच्या कहाण्या ऐकायच्या, तर गुडघ्यांनी तरी किती दिवस गप्प राहायचं? ती बोळातून पुढच्या खोलीत आली. भिंतीवर मोडेम, त्याच्या खाली कपाटावर राउटर. दोघांच्या पिना काढल्या, थोडं थांबली, परत लावल्या. दिवे लागले. नेट आलं नाही. पुन्हा काढल्या, पुन्हा लावल्या. तिसऱ्या वेळी आलं.

"गेलं व्हतं का गं?" मधल्या खोलीतून आईचा आवाज आला.

"गेलं होतं."

"मेलं रोजचंच झालंय," आई कळवळून म्हणाली. "तुज्या कामाचा पार इचका करतंय बग."

दहिवलीतलं हे घर तसं तीनच खोल्यांचं, पण आगगाडीच्या डब्यासारखं एकामागे एक, आणि बाजूनं अरुंद बोळ. पुढची खोली, मग आईची, आणि सगळ्यात मागं मेघाची. भिंती जुन्या, दगडी, हातभर रुंद. पुढच्या खोलीतल्या राउटरचं वायफाय आईच्या खोलीपर्यंत लंगडत यायचं आणि मेघाच्या उंबऱ्याशी दम टाकायचं. मोबाइलची रेंज तर तिथं औषधालाही नव्हती. शिवाय ऑफिसचा नियमच होता की कॉल घ्यायचे ते वायरवरून. म्हणून राउटरमधून एक वायर निघून आईच्या खोलीत पलंगाजवळ ठेवलेल्या छोट्या काळ्या डबीत, म्हणजे स्विचमध्ये, गेली होती. त्या स्विचला पाच भोकं. एकात पुढून आलेली वायर. एकातून मेघाच्या लॅपटॉपला गेलेली. एकातून आईवर लक्ष ठेवायला बसवलेल्या कॅमेऱ्याला. एकातून टीव्हीला, पण टीव्ही मागच्या पावसात जळाला, भंगारात गेला आणि त्याची वायर तेवढी वेटोळं होऊन पलंगाच्या पायाशी पडून राहिली. पाचवं भोक रिकामं.

कॅमेरा बसवला तो आई एकदा पलंगावरून घसरून पडली तेव्हा. कॉल चालू असताना मेघा लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या त्याच्या चित्रावर एक डोळा ठेवायची. पण नेट गेलं की कॅमेराही जायचा, आणि पडद्यावर शेवटचं चित्र गोठून राहायचं: आई भिंतीकडे तोंड करून निजलीय.

आईचा, म्हणजे चंद्रभागाबाईंचा, उभा जन्म खालापूरकडच्या एका कारखान्यात गेला होता. गाड्यांच्या आतल्या वायरींचे जुडगे तिथं बनायचे. रामभाऊ, म्हणजे मेघाचे वडील, लवकर गेले. मेघा आणि तिचा भाऊ सुमित दोघंही शाळेत होते. त्यानंतर त्या बाईनं घर आपल्या बोटांवर चालवलं, हे अगदी शब्दशः खरं. लांब टेबलावर ओळीनं बायका उभ्या असायच्या. तारेच्या टोकाची चिमटी प्लास्टिकच्या खोबणीत बसवायची, टक आवाज आला की मागं ओढून बघायची, निघाली नाही की पीस पास. लायनीवर चंद्रभागाबाईंचा हात सगळ्यात जलद होता आणि त्यांना त्याचा गर्व होता. सुपरवायझर पाठीशी येऊन उभा राहिला की त्या हात थांबवायच्या. अर्धा झालेला पीस त्या कुणाला दाखवत नसत.

आणि गेल्या पावसाळ्यात त्याच बाईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा राहिली, पाय हळूहळू रेटायला लागला, पण उजवा हात मांडीवर पडून राहिला. फिजिओवाली मुलगी यायची. तिनं कपड्यांचे चिमटे दिले, दोरीवर लावा-काढा म्हणाली. मळलेल्या कणकेचा गोळा दिला, दाबा म्हणाली. चंद्रभागाबाईंनी दोन दिवस केलं आणि चिमट्यांचा डबा पलंगाखाली सरकवून दिला.

"मी काय बालवाडीत हाय का?"

मेघानं समजावलं, रागावली, एकदा तर रडलीसुद्धा. शेवटी तिनं हात टेकले. सकाळ-संध्याकाळ ती आईला चमच्यानं भरवायची आणि आई मुकाट्यानं तोंड उघडायची. हा हात काही आता चालायचा नाही, असं मेघानं मनाशी धरून टाकलं होतं. आशा धरायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि ती रोज संध्याकाळपर्यंत संपलेली असायची.

त्या दुपारी साताऱ्याच्या गृहस्थांना परत फोन लावून त्यांची बोलणी खाऊन झाली, तोवर लॅपटॉपवर समिधाचा फोन आलाच. समिधा ही मेघाची टीम लीडर. मेघापेक्षा वयानं लहान, नोकरीतही मागाहून लागलेली. दिवाळीत ती जागा आधी मेघाला देऊ केली होती. पण लीडर झालं की ऐरोलीच्या ऑफिसात जाऊन बसणं आलं, म्हणून मेघानं नको म्हटलं आणि ती समिधाला मिळाली. समिधा भली होती. अजूनही ताई म्हणायची.

"मेघाताई, आज परत कॉल तुटला."

"हो गं."

"माझ्या हातात असतं तर मी काही बोलले नसते. पण वरून मला विचारतात की हिलाच घरून कामाची सवलत का. या आठवड्यात आणखी एकदा तुटला, तर सोमवारपासून तुम्हाला ऐरोलीला यावं लागेल."

मेघानं बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ऐरोली म्हणजे अंधारात घर सोडायचं, ठाण्याला गाडी बदलायची आणि अंधारात परत यायचं. ते एक वेळ तिनं केलं असतं. पण मग आई कुठं ठेवायची? सुमित खालापूरला राहायचा, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. तो कारखान्यात पाळीवर, त्याची बायको जागृती दुकानात कामाला. तो एकदा स्वतःच म्हणाला होता, "आणून सोड आईला इकडं. बाहेरून कुलूप लावून जाऊ, दुपारी मी येऊन बघून जाईन." सुमित काही वाईट नव्हता. त्याच्याजवळ तेवढंच होतं. पण आईला एकदा त्या जिन्यानं वर चढवलं की ती काही परत खाली उतरायची नाही, हे मेघाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिचा सगळा जीव त्या वायरीत अडकला होता. वायर चालली तर आई या घरात, नाही तर कुलपामागं.

तिनं पुढच्या खोलीत येऊन जितेशला फोन लावला. जितेश हा कर्जतच्या केबलवाल्याकडचा माणूस, कशेळ्याचा. दिवसभर खांबावर चढून असायचा, त्यामुळं मेघाकडे यायचा तो सगळं आवरून संध्याकाळी. आणि संध्याकाळी नेट कसं, तर खणखणीत! तो डब्यांकडे बघायचा, म्हणायचा, "ताई, सगळं हिरवं हाय." तरी त्यानं बिचाऱ्यानं हयगय केली नव्हती. मोडेम बदलला, राउटर बदलला, खांबावरचा जोड नव्यानं केला. दुपारी सगळे मोबाइल बघत बसतात म्हणून लोड येतो, असंही एकदा सांगून पाहिलं. गेल्या खेपेला तर खुशीत होता.

"सुधारतंय बगा ताई. पयल्यांदा तास-तास जायचं. आता चहा उकळंस्तवर परत येतंय."

"सुधारतंय म्हणजे काय? ती लाइन आहे का पेशंट?" मेघा फणकारली होती. मग तिला वाईट वाटलं, आणि तिनं त्याला खरोखरच चहा दिला.

आज मात्र तिनं चहाची भाषा केली नाही. "जितेश, उद्या दुपारी यायचं. संध्याकाळी आलास तर मी दार उघडणार नाही. माझी नोकरी आणि माझी आई दोन्ही टांगणीला लागलीत, कळलं?"

दुसऱ्या दिवशी तो दुपारी आला. पायातले बूट काढत "जय भीम ताई" म्हणाला, आईच्या खोलीत डोकावून "मावशी, बरं हाय ना?" विचारलं. आईनं पडल्यापडल्याच मान हलवली आणि मेघाला म्हणाली, "दार वढून घे गं माजं. डोळा लागू दे जरा." मेघानं दार ओढलं.

"आज मुळापास्नं जोडू," जितेश पुढच्या खोलीत बसकण मारत म्हणाला. त्यानं सगळ्या वायरी उपसल्या. आधी नुसता मोडेम, आणि त्यातून थेट वायर मेघाच्या लॅपटॉपला. मेघा प्लास्टिकच्या स्टुलावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. नेट खणखणीत. मग त्यानं मध्ये राउटर घातला: मोडेममधून वायर राउटरमध्ये, राउटरमधून लॅपटॉपमध्ये. तेही चाललं. मेघानं मोबाइलवर घड्याळ बघितलं. ही रोजची जायची वेळ, आणि नेट ढळलं नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं थोडं हललं.

"चालतंय तोवर मी एक कॉल उरकते," ती म्हणाली आणि हेडफोन चढवला. नाशिकच्या एका बाईचा कॉल होता. मेघा तिला कागद कुठले जोडायचे ते सांगत होती, तेवढ्यात मेघाकडे पाठ करून बसलेल्या जितेशनं आईच्या खोलीतून आलेली स्विचची वायर उचलली आणि राउटरला लावली.

राउटरचे दिवे एकदम वेड्यासारखे मिचकायला लागले. सगळे एकाच वेळी, दम न खाता. नाशिकची बाई अर्ध्या शब्दावर गेली.

"जितेश!"

"आयला," जितेश म्हणाला. त्यानं झटकन वायर उपटली. दिवे शांत झाले, हळूहळू नेट परत आलं. पण कॉल गेला तो गेला. मोबाइलवर समिधाचा मेसेजही आला: मेघाताई, सॉरी, आता माझा नाइलाज आहे. सोमवारपासून ऑफिस.

मेघानं तो मेसेज वाचला. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही. खूप लांब चालत आल्यावर रस्ता चुकलोय असं कुणी सांगावं आणि माणसानं तिथंच बसून घ्यावं, तसं तिला झालं. जितेश मात्र हातातल्या वायरीकडे बघत होता. त्याला त्या मेसेजचं काही माहीत नव्हतं.

"ताई, मोडेम चांगला, राउटर चांगला. घाण स्विचच्या बाजूला हाय. मी कवा तो बघितलाच नाय दुपारचा. चला."

त्यानं आईच्या खोलीचं दार ढकललं आणि तो उंबऱ्यावरच थबकला. त्याच्या खांद्यावरून मेघानं बघितलं.

चंद्रभागाबाई जमिनीवर बसल्या होत्या. पलंगाला पाठ टेकून, पाय पसरून. मांडीवर तो काळा स्विच.

"आई! पडलीस?" मेघा धावली.

"नाय गं, नाय पडले." आईनं घाईघाईनं स्विचवर पदर ओढला. चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. "उतरले हळूच. आता तू वरडशील."

जितेशनं खाली बसून पदर बाजूला केला. स्विचची पाचही भोकं भरलेली होती. टीव्हीची वायर एका भोकातून निघाली होती आणि वेटोळं घेऊन पाचव्या भोकात शिरली होती.

"अरं देवा," जितेश म्हणाला. "ताई, ह्या वायरीची दोनी टोकं ह्याच डब्यात हायेत. म्हंजे इथनं निघालं ते परत इथंच आलं. तेच तेच गरागरा फिरत बसतंय, दुसऱ्याला वाटच नाय. आख्ख्या घराचं नेट ह्यानं बसतंय."

मेघाला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा इतका वेळ कुठं दडून बसलेला राग तिच्या तोंडून बाहेर पडला.

"तू? आई, हे रोज तू करतेस? मी तिकडं लोकांच्या शिव्या खातेय, रोज त्या डब्यांपुढं नाक घासतेय, आणि तू इथं बसून वायरी खुपसतेस? माझी सोमवारपासून..." तिचा आवाज चिरकला. "माझी सवलत गेली, आई! आत्ता गेली."

आईला काही उमगलं नव्हतं. ती एकदा लेकीकडे, एकदा जितेशकडे बघत राहिली. "अगं पण टीव्हीच नाय ना," ती म्हणाली. "टीव्ही नाय तर वायर कुटं जाणार? मेलेली वायर हाय ती. अन् हे भोक तर रिकामंच व्हतं. तुज्या नेटचं ते तिकडं पुढच्या खोलीत नाय का?"

जितेशला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. "मावशी, द्या इकडं, मी काढतो," म्हणून त्यानं हात पुढं केला.

"थांब," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "मला येतंय."

त्यांनी स्विच डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला आणि उजवा हात उचलला. उचलला म्हणजे आधी खांदा वर गेला, मग कोपर, मग लोंबत्या मनगटानं हात स्विचवर आला. बोटं थरथरत वायरीच्या टोकाशी पोहोचली. अंगठा टोकावरच्या प्लास्टिकच्या जिभेवर, म्हणजे खटक्यावर, टेकला, घसरला, पुन्हा टेकला. कपाळावर घाम आला होता. मग अंगठ्यानं जीभ दाबली आणि टोक बाहेर आलं. त्या एक क्षण थांबल्या. तेच टोक त्यांनी त्याच बोटांत फिरवून भोकाशी नेलं आणि आत ढकललं.

टक.

मग मागं ओढून बघितलं. निघालं नाही.

मेघा समोर बसून त्या हाताकडे बघू लागली. तो उजवा हात होता. सकाळीच तिनं ओल्या फडक्यानं पुसून, एखाद्या वस्तूसारखा उचलून उशीवर ठेवला होता तो.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दिवाळीच्या माघारी. पयल्यांदा घालायलाच येत न्हवतं. मंग घालता आलं, तर काढता येईना. एकदा तर तू त्या डब्यांशी खटपट करत व्हतीस तवर मी हितं हिच्याशी झटत व्हते, घामाघूम झाले. आता येतंय लवकर. रोज भिंतीकडं तोंड करून पांघरुणातच करते, आज कॅमेऱ्याचा दिवा गेलेला बघून खाली उतरले."

तास-तास जायचं, आता चहा उकळेपर्यंत येतंय. मेघाला जितेशचे शब्द आठवले. रोज दुपारी ती पुढच्या खोलीत पिना काढत-घालत होती, वाटत होतं आपण नेट आणतोय. ते आणत होती आई. अंगठा त्या जिभेवर बसला की नेट यायचं. इतके दिवस जिला ती शिव्या घालत होती ती लाइन नव्हतीच, आईचा हात होता, आणि तो रोज थोडाथोडा सुधारत होता. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिनं ते पुसलेही नाहीत. जितेशनं शहाण्यासारखं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"मग मला सांगायचं ना! मी अजून तुला चमच्यानं भरवते."

"चमच्याचं जमत नाय अजून, सांडतंय. पुरतं झाल्याबिगर कशाला दाखवायचं?" आई म्हणाली. "चिमटे लावून काय कळतं? लागला काय अन् न लागला काय. हिचा टक वाजतो. वाजला की समजतं."

"आणि एवढी कसली घाई होती? जमिनीवर उतरून? पडली असतीस म्हणजे?"

आईनं कपाळाचा घाम पदरानं पुसला. "तू ती मोटी जागा सोडलीस ना. दिवाळीत. मला काय ऐकू येत नाय? फोनवर त्यांना म्हनलीस, घरी आई हाय, मला जमायचं नाय. तवाच ठरवलं. हात चालला तर तांब्या उचलीन, कडी लावीन, फोन धरीन. मंग तुला कुनाला नाय म्हनायला नको. शेजारच्या सोनुबाईला बी विचारून ठेवलंय, ती दुपारची येऊन बसंल."

मेघा हे घर सोडावं लागू नये म्हणून धडपडत होती आणि आई तिला घराबाहेर काढायला. दोघी एकाच वायरीच्या दोन टोकांना लटकलेल्या, आणि एकमेकींचं केलेलं रोज निस्तरत बसलेल्या. कुणाला दोष द्यायचा? सांगायला गेलं तर ऐकणारा हसेल.

जितेशनं हलकेच विचारलं, "ही वायर काढून नेऊ का?"

"दोन्ही टोकं काढ आणि तिलाच दे," मेघा म्हणाली. "आणि तुझ्याकडं तो आमचा जुना राउटर पडलाय ना, तो आणून दे. त्यात काय घालायचं ते घालू दे तिला."

जितेशनं टीव्हीची वायर सोडवली, स्विच उंच फळीवर ठेवला, पुढं जाऊन राउटरला वायर लावली आणि तिथूनच ओरडला, "आलं, ताई!" कॅमेऱ्याचा दिवा लागला. चहा न घेताच तो निघाला. कळंबकडच्या कुठल्या रिसॉर्टवाल्याचे चार फोन येऊन गेले होते.

तेवढ्यात समिधाचा फोन आला. आवाज ओशाळलेला. "मेघाताई, मला मेसेज पाठवून चैन पडेना. काही कळलं का, कशानं जात होतं?"

"कळलं. घरातच होतं. वायर चुकीची लागली होती. आता नाही जायचं."

"नक्की? मग मी वर बोलते ना. फॉल्ट सापडला म्हणून सांगते. राहा तुम्ही घरूनच."

हेच वाक्य ऐकायला मेघानं किती दिवस जीव टाकला होता! आता ते आलं होतं, आणि तिनं आईकडे बघितलं. फोनचा आवाज मोठा होता, आईनं सगळं ऐकलं होतं. ती जोरजोरात मान हलवत होती. नको म्हण, नको म्हण.

मेघाला एकाएकी ऐरोलीच्या ऑफिसातली कँटीनची खिडकी दिसली. तिथं बसून, कुणाच्याही हाकेकडे कान न लावता, गरम गरम काही खाता येईल. दिवाळीनंतर ती उल्हास नदीच्या पुलापलीकडे गेली नव्हती. आपल्याला जायचंय, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि कळल्याची लाजही वाटली. आईच्या नावावर ती इतके दिवस थांबली होती. थकली मात्र स्वतःच्या नावावर होती.

"समिधा," ती म्हणाली, "मी येते सोमवारी. रोज नाही जमणार. आठवड्यातले दोन दिवस तिकडं, बाकीचे इथून. असं चालेल का विचार."

"चालेल की! चालेलच," समिधा म्हणाली. तिलाही हायसं वाटल्याचं ऐकू आलं.

फोन ठेवून मेघा आईला उठवायला वाकली. "माजी मी उठते," आई म्हणाली. तिनं पलंगाची कड धरली, पाय जवळ घेतले, अर्धी उठली आणि तिथं अडकली. मेघानं तिच्या काखेत हात घालून तिला वर घेतलं आणि पलंगावर बसवलं. आई धापा टाकत होती. हवं ते मिळालं होतं, तरी तोंडावर खुशी दिसेना.

"सोमवारी किती वाजता येशील गं परत?"

"सात वाजतील. गाडी चुकली तर साडेसात."

"अंधार पडंल तवर."

"सोनुबाई असेल ना."

"हां, ती हाय की." आईनं पांघरूण पायांवर ओढलं. "ती काय, बसंल. बडबड लई करते, पण बसंल."

"आई, नको जाऊ का?"

"जा. जायचंच. मी म्हनले ना."

फळीवर ठेवलेला मोबाइल पुन्हा वाजायला लागला. मेघा उठायला गेली तर उठता येईना. आईनं तिचं मनगट धरलं होतं, उजव्या हातानं. बोटं थरथरत नव्हती. मेघानं हळूच हात सोडवून बघितला, तो सुटेना, दुखत होतं. आईचं तिकडं लक्षच नव्हतं, ती खिडकीकडे बघत होती. फोन वाजून वाजून बंद झाला, आणि मेघा तशीच आईजवळ बसून राहिली.